तणांची पंगत

रामटेके मॅडमना रस्त्याने सरळ चालताना कोणी पाहिलेलं नाही. बसस्टॉपपासून आमच्या कॉलेजच्या फाटकापर्यंतचं अंतर आम्ही मुली गप्पा मारता मारता संपवायचो. मॅडमना मात्र त्याला बराच वेळ लागायचा, कारण वाटेत भिंती होत्या, गटारं होती, आणि प्रत्येक भिंतीच्या फटीत, प्रत्येक गटाराच्या काठावर काही ना काही उगवलेलं असायचं. त्या थांबायच्या, वाकायच्या, गळ्यातलं भिंग डोळ्याला लावायच्या, आणि शेजारून जो कोणी जात असेल त्याचं मनगट धरायच्या. तो माणूस ओळखीचा असलाच पाहिजे अशी अट नव्हती.

"थांबा थांबा थांबा," हे त्यांचं पालुपद. तीनदा म्हटल्याशिवाय त्यांचं समाधान होत नसे. मग पुढचं वाक्य यायचं, "हे पाह्यलं का तुम्ही?" दूधवाला, पोस्टमन, कॉलेजच्या संस्थेचे अध्यक्ष, सगळ्यांना हाच प्रश्न आणि हाच आवाज. अध्यक्षांनी एकदा खरोखरच वाकून पाहिलं होतं आणि त्यांची टोपी गटारात पडली होती. मॅडमनी ती काढून दिली, पण दुधी नावाच्या त्या तणाबद्दलचं वाक्य पूर्ण करूनच.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपुरात मुलींचं आमचं कॉलेज नवीन होतं, एका जुन्या बंगल्यात भरायचं, आणि विज्ञान शाखा त्याहूनही नवीन. वनस्पतिशास्त्राच्या विभागात एकच प्राध्यापक, त्या म्हणजे रामटेके मॅडम. ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, उमरेडच्या काठाची सुती साडी घट्ट खोचलेल्या. काळ्या गोफात ओवलेलं भिंग छातीवर हलत असायचं. लग्न केलेलं नव्हतं, त्यामुळे त्या काळ्या गोफावरून स्टाफरूममध्ये बरेच विनोद व्हायचे. मॅडमना ते ठाऊक होते. "हे पाह्यजा, या गोफाचा संसार सुखाचा चालू आहे," असं म्हणून त्या स्वतःच सर्वांत मोठ्याने हसायच्या.

आणि पर्समध्ये खुरपी. रुमाल, कंगवा, पेन आणि खुरपी. बसच्या कंडक्टरला सुटे देताना ती बाहेर यायची, तेव्हा तो एक पाऊल मागे सरकायचा.

पहिल्या तासाला त्या वर्गात आल्या तेव्हा हातात टोपली होती. टोपलीत जास्वंद, भेंडीचं फूल, अंबाडीचं फूल आणि कापसाचं फूल. आम्ही वही-पेन घेऊन पुस्तकातली व्याख्या उतरवायला सज्ज बसलेलो. त्या काही बोलायच्या आधीच पहिल्या बाकावरच्या, चांगल्या घरच्या म्हणवणाऱ्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, तुम्ही नेमक्या कुठल्या?"

प्रश्न गावाचा नव्हता, हे सगळ्या वर्गाला कळलं. मॅडमनाही कळलं. त्यांनी टोपली टेबलावर ठेवली आणि अगदी आनंदाने सांगितलं, "आम्ही छप्पनच्या. बाबांचं बोट धरून मी धम्मदीक्षेले गेली होती. एवढी गर्दी मी त्याच्या आधी पाह्यली नव्हती अन् नंतरबी नाही. झालं समाधान? आता इकडे ये, अन् या फुलाले विचार, तू नेमकं कुठलं."

त्या मुलीला त्यांनी पुढे बोलावलं, तिच्या हातात अर्धं ब्लेड दिलं आणि जास्वंद उभं चिरायला लावलं. पाच पाकळ्या. मधोमध पुंकेसरांची एकच नळी, जणू सगळ्यांनी मिळून एकच सदरा घातलाय. त्या नळीच्या आतून वर आलेला स्त्रीकेसर. मग भेंडीचं फूल चिरलं, तीच नळी. अंबाडी, तीच नळी. कापूस, तीच. ब्लेड धरलेल्या मुलीचे डोळे मोठे होत गेले, आणि मॅडमचा आवाज चढत गेला. तास सुरू करताना त्यांची मराठी पुस्तकी असायची, मधूनमधून इंग्रजी; पण उत्साह चढला की सगळं सुटायचं आणि घरची भाषा वर यायची.

"पाह्य नं वं! एकाची भाजी करतो, एकाचं कापड नेसतो, एकाचे दोर वळतो, अन् एक गणपतीले वाहतो. अन् फूल उघडलं का समजते, हे चारही एकाच घरचे! कोणाची किंमत किती, कोण कोणाच्या वावरात उगवला, त्याच्यावरून घर ठरत नाही. फुलावरून ठरते. नाव मंग. आधी पाह्यचं."

'नाव मंग, आधी पाह्यचं' हे त्या इतक्या वेळा म्हणाल्या की कॉलेज सोडल्यानंतरही भाजीबाजारात मला ते ऐकू येत असे. नाव विचारलं की त्या चिडायच्या. "नाव समजलं का तुमी पाह्यनं सोडता," म्हणायच्या. पुस्तकातली आकृती उतरवून आणलेली वही तर खिडकीतून बाहेर जायची. "पुस्तकातलं फूल कधी सुकत नाही. म्हणून थे काढू नका. सुकते थे काढा, अन् सुकायच्या आत काढा!"

वर्गीकरण शिकवताना त्यांना विशेष चेव यायचा. साग आणि घाणेरी एकाच कुळातले, असं त्यांनी सांगितलं तेव्हा वनखात्यातल्या अधिकाऱ्याच्या मुलीने हरकत घेतली. सागवान कुठे आणि रेल्वेलाइनच्या कडेची घाणेरी कुठे! मॅडम तिला म्हणाल्या, "तुझ्या बाबांले सांग, मोजणी लाकडाची नाही, फुलाची आहे." हल्ली ऐकते की पुस्तकांनी सागवानाचं बिऱ्हाड हलवलं आणि आता तो तुळशीच्या घरी राहायला गेलाय. मॅडमना याचाही आनंदच झाला असणार. तुळशीच्या घरी कोण कोण राहतं यावर त्यांनी आणखी दोन तास घेतले असते.

एकदा मी, शोभा आणि मॅडम तक्त्यांचे कागद घ्यायला सीताबर्डीला गेलो होतो. शोभा माझी मैत्रीण, तिच्याबद्दल पुढे सांगते. व्हरायटी चौकाजवळच्या एका कापडदुकानाच्या पाटीच्या वर, भिंतीतून, पिंपळाचं हातभर रोप आलं होतं. "थांबा थांबा थांबा!" रिक्षा रस्त्याच्या मधोमध थांबली. मॅडम उतरल्या आणि दुकानाच्या पायरीवर उभ्या राहून आम्हाला समजावू लागल्या. पाखराने पिंपळाचं फळ खाल्लं, बी त्याच्या पोटातून जसंच्या तसं निघालं, ओल्या भिंतीच्या फटीत पडलं, आणि आता मुळं चुन्यात शिरतायत. हळूहळू माणसं जमली. काय झालं, कोण पडलं, असं विचारत आणखी माणसं जमली. गिऱ्हाइकं खरेदी सोडून बाहेर आली आणि मान वर करून पिंपळ बघू लागली.

शेवटी दुकानदार हात जोडून बाहेर आला. "म्याडम, थो पिंपळ तुम्ही घरी घेऊन जा, पण माहं गिऱ्हाईक सोडा!"

"घरी नेऊन काय करू गा," मॅडम म्हणाल्या. "दहा वर्षांनी माहं घरच त्याच्या सावलीत उभं राह्यन. तुम्ही पाह्यजा मात्र, त्याची मुळं किती दूर जातात थे!" दुकानदाराने त्याच दुपारी रोप उपटलं असणार. पण त्यानंतर आम्ही कधी त्या दुकानात गेलो की तो मापाची पट्टी खाली ठेवून विचारायचा, "त्या पिंपळवाल्या म्याडम कशा आहेत?"

उंबराची गोष्ट तर कॉलेजभर गाजली. एखादा माणूस बऱ्याच दिवसांनी भेटला की आपण त्याला उंबराचं फूल म्हणतो, आणि स्टाफरूममध्ये प्राचार्याबाई कोणाला तरी तसं म्हणाल्या. झालं. मॅडमनी पर्समधून उंबरं काढली. ती पर्समध्ये का होती, हे विचारण्यात अर्थ नव्हता. टेबलावर एक उंबर दोन भाग करून ठेवलं आणि म्हणाल्या, "बाई, हे पाह्यजा. फुलं आतमध्ये आहेत. शेकड्यांनी! हे फळ म्हणजे बंद दारामागची वरात आहे." बाईंनी कौतुकाने चेहरा जवळ नेला, आणि त्या बंद दारामागून बारीक बारीक काळे किडे निघून थेट त्यांच्या कोशाच्या रेशमी साडीवर गेले. बाई खुर्चीवर चढल्या. मॅडम खालून ओरडत होत्या, "मारू नका, मारू नका! थेच तर परागकण नेतात! त्यायच्याशिवाय एक उंबर पिकणार नाही!" प्राचार्याबाई शिस्तीच्या होत्या, मनाने वाईट नव्हत्या. पण त्यानंतर मॅडमनी पर्स उघडली की त्या जराशा लांब उभ्या राहत.

आता शोभाबद्दल. शोभा काटोलची. वडील संत्र्याचे व्यापारी, स्वभावाने कडक. मामाकडे राहून शिकायची परवानगी त्यांनी दिली होती ती एकाच अटीवर, कॉलेज मुलींचं असलं पाहिजे. आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राला दुसऱ्या वर्षापर्यंतच मान्यता होती. तिसरं वर्ष सुरू व्हायचं की नाही, हे विद्यापीठाची समिती येऊन पाहणार होती. मान्यता मिळाली नाही तर आम्हाला शेवटच्या वर्षासाठी मुलामुलींच्या कॉलेजात जावं लागलं असतं. माझं कसंही निभावलं असतं. शोभाच्या वडिलांनी मात्र निरोप पाठवून ठेवला होता, वर्ग बंद झाला तर सामान बांधून गावी ये, स्थळ पाहून ठेवलं आहे. वर्गातल्या निम्म्या मुलींची तीच गत होती. आणि ब्लेडने पातळ छेद घेण्यात शोभाचा हात धरणारी कोणी नव्हती. पपईच्या चिरलेल्या देठात रोपाचा देठ धरून ती असा छेद घ्यायची की काचेवर ठेवल्यावर तो आहे की नाही तेच कळत नसे. तिच्या छेदाकडे पाहताना मॅडम न बोलता उभ्या राहत, आणि मॅडमचं न बोलणं म्हणजे काय ते आम्हाला ठाऊक होतं.

समितीला हवी होती वनस्पती-बाग. त्या काळी समिती यायची म्हटलं की कॉलेजं काय करायची ते सांगते. रोपवाटिकेतून कुंड्या एका दिवसासाठी आणायच्या. क्रोटन, पाम, शोभेचे निवडुंग ओळीने मांडायचे, गेरू लावायचा, आणि समिती चहा पिऊन गेली की संध्याकाळी कुंड्या हातगाडीवर परत. समितीतल्या लोकांनाही हे माहीत असायचं, कारण त्यांच्या कॉलेजातही तेच चालायचं.

मॅडम म्हणाल्या, "आपली बाग आहे नं. उसनी कायले?"

त्यांची बाग म्हणजे बंगल्यामागचा काळ्या मातीचा पट्टा. पावसाळाभर त्यांनी तिथे कोणाला विळा लावू दिला नव्हता. जे उगवेल ते उगवू द्यायचं. तरोटा, आघाडा, दुधी, रानमूग, लव्हाळा, केना, धोतरा. लोकांच्या भाषेत सगळं तण. आम्ही मुलींनी तुपाच्या जुन्या डब्यांचे पत्रे कापून त्यावर खिळ्याने नावं कोरली होती आणि प्रत्येक झाडाशी काडीला बांधली होती. मॅडम तिथे तास घ्यायच्या. केन्याशी आल्या की खुरपी काढायच्या. "याचं निळं फूल तर सगळ्यायनं पाह्यलं. पण हा लुच्चा आणखी एक फूल जमिनीच्या खाली लावते. अंधारात. थे कधी उमलत नाही, माशी येत नाही, वारा येत नाही, अन् तरीबी बी धरते!" मग खणायच्या, आणि आमची काळी माती अशी चिकट की तो कोवळा भाग दर वेळी तुटून मातीतच राहायचा. मॅडमनी तो पुस्तकात पाहिला होता, प्रत्यक्षात कधीच नाही. यावर त्या चिडायच्या नाहीत. पुढच्या आठवड्यात पुन्हा खणायच्या.

समिती यायच्या दिवशी सकाळी आम्ही नव्या साड्या नेसून लवकर पोचलो. बंगल्याला वळसा घालून मागे गेलो आणि जागीच उभ्या राहिलो.

पट्टा साफ होता. एक पान नाही. खोदून, ढेकळं उचलून, वर झाडू मारलेला. कडेला चुन्याची रेघ ओढलेली. आणि मधोमध घामाने निथळत, हसतमुख उभा आमचा शिपाई सदाशिवभाऊ.

प्राचार्याबाईंनी आदल्या दिवशी फक्त म्हटलं होतं, परिसर चकाचक पाहिजे. सदाशिवभाऊ मूळचा उमरेडचा कोष्टी, माग बंद पडल्यावर इथे लागलेला. मागावर धागा जसा टाकायचा तसाच झाडू मारायचा, एक काडी इकडची तिकडे नाही. शिवाय मॅडमचा वर्ग या दिवसावर अवलंबून आहे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्याने झाडून घेण्यावर न थांबता उजाडायच्या आत येऊन कुदळ-फावडं घेऊन सगळं मुळापासून काढलं होतं. आमच्या मागोमाग मॅडम आल्या तेव्हा त्याने अभिमानाने बादली पुढे केली.

"म्याडम, कचरा पूरा काढला. पण हे तुमचे पत्रे एकबी हरवू नाही देले. पुसून ठेवले."

बादलीत आमची सगळी नावं होती, धुतलेली, चकचकीत. शोभा मटकन पायरीवर बसली आणि रडू लागली. तिच्या रडण्याने सदाशिवभाऊचं हसू गेलं. त्याने एकदा पट्ट्याकडे पाहिलं, एकदा पत्र्यांकडे, आणि काय झालं ते त्याच्या लक्षात आलं. "म्याडम, मी समजलो..." एवढंच म्हणून तो गमछ्याने डोळे पुसायला लागला. मोठा बाप्या माणूस, पण पाहवेना.

मी मॅडमच्या तोंडाकडे पाहत होते. त्यांचा चेहरा उतरला, हे खरं. नाही म्हणणार नाही. ओठ आवळले गेले, हात भिंगावर गेला. मग म्हणाल्या, "सदाशिवभाऊ, कचरा टाकला कुठी?"

"भिंतीच्या पल्याड, म्याडम. उकिरड्यावर."

"मुळासकट?"

"हो म्याडम. ढेकळासकट."

मॅडमनी पदर कमरेला खोचला. "अवं माय! पोट्टीहो, उठा! पावसाळाभर आपण फक्त वरचं पाहून राह्यलो होतो. या माणसानं आपल्याले खालचं काढून देलं!"

पुढचा तास कसा गेला ते आजही अंगावर येतं. आम्ही नव्या साड्यांनिशी उकिरड्यावर चढलो. सदाशिवभाऊ टोपल्या भरून देत होता, आम्ही धावत वऱ्हांड्यात आणत होतो. प्राचार्याबाईंनी खबरदारी म्हणून आणवलेल्या क्रोटनच्या कुंड्या तिथे होत्या. मॅडमनी त्या स्वतः ढकलून कोपऱ्यात लावल्या. जुनी वर्तमानपत्रं अंथरली. मग मधोमध उभ्या राहून लग्नघरातल्या मावशीसारख्या त्या हुकूम सोडू लागल्या.

"पंगत लावा! पण ज्याचं घर त्याच्याजवळ. गवतं तिकडे. एकदल एका बाजूले, द्विदल एका बाजूले. रानमूग इकडे, त्याची मुळं धुवा, गाठी दिसू द्या! लव्हाळ्याचे कांदे वर करा. धोतरा अन् रानवांगं जवळ बसवा, फूल पाह्य, मायलेकं दिसतात!" मधेच त्या थांबल्या आणि एकदम हसून म्हणाल्या, "आमच्या आजीले गावात पंगतीत कधी कोणी बसू नाही देलं. आज मी पंगत लावून राह्यली, अन् पाह्यजा, कोणी कोणापासून दूर बसलं का?" हे त्यांनी कोणाला ऐकवायला म्हटलं नाही. त्यांना खरोखर मजा वाटत होती.

केन्याचं ढेकूळ सर्वांत मोठं होतं, पाटाएवढं. सदाशिवभाऊने फावड्याने ते खालूनच उचललं होतं, त्यामुळे काही तुटलंच नव्हतं. मॅडमनी ते आख्खं बादलीत सोडलं आणि पाण्यात हात घालून माती हळूहळू विरघळवू लागल्या. कोपरापर्यंत चिखल. एकाएकी त्यांचा हात थांबला. पाण्यात पांढरेफटक, दोऱ्यासारखे कोंब लोंबत होते, पानं नाहीत, हिरवेपणा नाही, आणि प्रत्येक कोंबावर मिटलेल्या इवल्याशा कळ्या.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. एकदाच. मग त्यांचा आवाज फुटला. "सापडलं! अवं सापडलं वं! सदाशिवभाऊ, इकडे या! सगळ्यायच्या आधी तुम्ही पाह्यजा!" त्यांनी गळ्यातलं भिंग काढून त्याच्या हातात दिलं. सदाशिवभाऊने उलटं धरून पाहिलं आणि काही न दिसताही जोरजोरात मान हलवली.

त्याच वेळी समिती वऱ्हांड्याच्या पायऱ्या चढून आली. पुढे प्राचार्याबाई, मागे कोट घातलेले एक वृद्ध प्राध्यापक, हे समितीचे अध्यक्ष, आणि बाकीचे दोघं. बाईंनी चिखलाने माखलेली विभागप्रमुख पाहिली, वर्तमानपत्रांवरचं तण पाहिलं आणि डोळे मिटले.

"वनस्पती-बाग कुठे आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

"आज वऱ्हांड्यात आली आहे, सर."

"हे सगळं उपटलं कोणी?"

सदाशिवभाऊने मान खाली घातली. मॅडम चटकन म्हणाल्या, "आम्ही, सर. मुळं दाखवायची होती." आणि अध्यक्षांना दुसरं काही सुचायच्या आत त्यांनी बादली त्यांच्या पुढ्यात ओढली. "सर, केन्याची जमिनीखालची फुलं."

अध्यक्ष वाकले. चष्मा वर-खाली केला. "ही मुळं आहेत," ते म्हणाले, रागाने नव्हे, पण ठामपणे. सोबतच्या दोघांनी मान डोलावली. आता मॅडम बोलणार, असं आम्हाला वाटलं. त्यांच्या तोंडात शब्द उसळत होते, ते दिसत होतं. पण त्यांनी ते गिळले आणि मागे वळून म्हणाल्या, "शोभा, ये इकडे. तू सांग सरांले. आधी पाह्य, मंग सांग."

शोभाचे डोळे रडून सुजलेले. तिने एक पांढरा कोंब हातात घेतला, भिंगाखाली धरला. मग तिने आवाज काढला, बारीक पण सरळ. "सर, मुळाले पेरं नसतात. याले आहेत. इथे एक, इथे एक. पेरं आहेत म्हणजे हे खोड आहे."

"बरं, खोड. पण फूल कशावरून? रंग नाही, पाकळी उघडलेली नाही."

शोभाने ब्लेड मागितलं. मोहरीहून थोडी मोठी कळी, तिने बोटावर धरून उभी चिरली. हात एकदाही हलला नाही. काचेवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली लावली आणि बाजूला झाली. "सर, पुंकेसर आहेत. परागकोश स्त्रीकेसराच्या टोकाले चिकटून आहेत. फूल न उघडताच परागण झालं आहे. रंग नसला तरी हे दोन्ही असले का थे फूलच."

अध्यक्ष सूक्ष्मदर्शकावर वाकले. बराच वेळ वर आले नाहीत. मग त्यांनी कोट काढला, खुर्चीवर टाकला, आणि सरळ वऱ्हांड्याच्या फरशीवर, आमच्या पंगतीत, मांडी घालून बसले. "आणखी एक काढ, बेटा," ते शोभाला म्हणाले. "मी आजवर फळ्यावर काढून दाखवत होतो." त्यांचा चेहरा मॅडमसारखाच दिसत होता, तो आनंद मी लगेच ओळखला. पुढे दोघं जणू भांडत असल्यासारखे बोलत राहिले, एकमेकांचं वाक्य तोडत, एकमेकांच्या हातातून भिंग ओढत. चहा गार झाला, तो कोणीच प्यायला नाही.

निघताना अध्यक्ष म्हणाले, "मान्यता देतो आहोत. पण बाई, मागे बाग मात्र लावा."

"लावायची गरज नाही, सर," मॅडम म्हणाल्या. "मातीत बी आहे. थे आपलं आपण येते."

ते फाटकातून बाहेर पडले आणि आम्ही ओरडायला लागलो. प्राचार्याबाईसुद्धा ओरडल्या, मी कानांनी ऐकलं. शोभाने मॅडमना मिठी मारली, दोघींच्या साड्या सारख्याच चिखलाच्या. सदाशिवभाऊ त्या दिवसापासून नवीन माणसाला सांगायचा, "थे जमिनीखालचं फूल मीच काढलं ना!" आणि मॅडम बाजूला असल्या तर गंभीरपणे म्हणायच्या, "हो, त्यायनंच."

शोभा बीएस्सी झाली. आम्ही सगळ्याच झालो. मग लग्न, बदल्या, मुलं यात माझं नागपूर सुटलं आणि मॅडम मला बरीच वर्षं दिसल्या नाहीत.

परत पाहिलं ते ऐंशीच्या दशकात, नणंदेच्या प्रवेशासाठी कॉलेजात गेले तेव्हा. बंगल्याच्या मागे तीन मजली विज्ञान इमारत झाली होती. नणंद कार्यालयात रांगेत उभी राहिली आणि मी विभाग शोधत वर गेले. पाटीची गरज पडली नाही. जिन्यावरूनच तो आवाज ऐकू आला, तसाच चढलेला, पुस्तकी मराठी केव्हाच सुटलेली.

वर्गाच्या दारात मुलींची इतकी गर्दी होती की आत पाऊल ठेवायला जागा नव्हती. बाकं भरलेली, बाकांच्या मधल्या वाटा भरलेल्या, खिडक्यांत मुली बसलेल्या, काही बाहेर उभ्या राहून टाचा उंचावून पाहत होत्या. टेबलाभोवती डोकीच डोकी. मॅडम मुळातच ठेंगण्या, त्या कुठे आहेत ते कळेना. मी चौकटीला धरून वर झाले. मला फक्त त्यांचा हात दिसला. सगळ्या वेण्यांच्या वर उंच धरलेला, काच-बांगडी नसलेला, बोटांना मातीचा काळा रंग, आणि चिमटीत काहीतरी हिरवं. काय होतं ते एवढ्या लांबून कळलं नाही. हाक मारावी असं फार वाटलं. तोंड उघडलंही.

तेवढ्यात मागून कोणीतरी माझ्या खांद्यावर बोट टोचलं. दोन वेण्यांची एक मुलगी, हातात ब्लेड आणि वही, चेहरा अगदी कावलेला.

"सरका नं काकू," ती म्हणाली, "मले दिसून नाही राह्यलं."

मी सरकले.